सौर उष्णतेची साठवण आणि धातू हायड्राइड : नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत भट्ट्या किंवा वाफेचे बाष्पक चालवणारे उद्योजक, दिंडोरी-पिंपळगाव भागातील शेतमाल प्रक्रिया करणारे शेतकरी आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. आकडे निवडताना पाठ्यपुस्तकी सैद्धांतिक मूल्य कोणते आणि प्रत्यक्ष यंत्रणेत हाती लागणारे मूल्य कोणते, हा फरक शक्य तेथे स्पष्ट केला आहे, कारण या विषयातील बहुतेक गैरसमज तेथूनच सुरू होतात.

धातू हायड्राइड म्हणजे नेमके काय?

हायड्रोजन वायू धातूच्या किंवा मिश्रधातूच्या स्फटिकात शिरून त्याच्याशी रासायनिकरीत्या बांधला गेला की जे घन संयुग तयार होते, त्याला धातू हायड्राइड म्हणतात. पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेतो, हे थॉमस ग्रॅहम या रसायनशास्त्रज्ञाने 1866 मध्येच दाखवले होते. मॅग्नेशियमचे हायड्राइड ही राखाडी-पांढरट भुकटी असते आणि तिच्या वजनाचा 7.6 टक्के भाग हायड्रोजन असतो. संकरित मोटारींतील निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत याच कुळातील मिश्रधातू वापरतात. तेथे मात्र वीज साठवली जाते, आणि या पानाचा विषय उष्णता हा आहे.

यात उष्णता साठते कशी?

चुनखडी भट्टीत भाजून केलेली चुनकळी पाण्यात टाकली की हौद उकळू लागतो, हे ज्यांनी घर बांधताना पाहिले आहे त्यांना तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भट्टीत घातलेली उष्णता कळीत सुप्त राहते आणि पाणी मिळताच बाहेर पडते. हायड्राइडमध्ये पाण्याची जागा हायड्रोजन घेतो. दिवसा आरशांनी एकवटलेली सूर्याची उष्णता हायड्राइडला दिली की ते फुटून धातू आणि हायड्रोजन वेगळे होतात, आणि ही उष्माग्राही अभिक्रिया ती उष्णता पिऊन घेते. रात्री तोच हायड्रोजन धातूकडे परत सोडला की दोघे पुन्हा एकत्र येतात आणि तितकीच उष्णता बाहेर टाकतात. मॅग्नेशियमच्या बाबतीत हायड्रोजनच्या प्रत्येक मोलमागे, म्हणजे साधारण 2 ग्रॅममागे, सुमारे 75 किलोज्यूल उष्णतेची देवघेव होते.

दिशा ठरवणाऱ्या गोष्टी दोनच आहेत : तापमान आणि हायड्रोजनचा दाब. प्रत्येक तापमानाला हायड्राइडचा एक समतोल दाब असतो. बाहेरचा दाब त्याहून कमी असेल तर हायड्रोजन सुटतो, जास्त असेल तर शोषला जातो. मॅग्नेशियम हायड्राइडचा समतोल दाब 280 अंश सेल्सिअसच्या सुमारास 1 बार (म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेइतका दाब), 350 अंशांना 6 बारच्या आसपास आणि 400 अंशांना 18 बारच्या आसपास असतो. याच तीन आकड्यांचा पुढे नाशिकच्या हवामानाच्या प्रश्नात उपयोग होणार आहे.

वितळलेल्या क्षारांची पद्धत आधीच आहे. मग हायड्राइड कशासाठी?

सौर औष्णिक वीज केंद्रांत आज सर्वाधिक रुळलेली साठवण म्हणजे 60 टक्के सोडियम नायट्रेट आणि 40 टक्के पोटॅशियम नायट्रेट यांचे वितळलेले मिश्रण होय. स्पेनमधील अँडासोल केंद्रात 28,500 टन क्षार साठवून सूर्यास्तानंतर सुमारे साडेसात तास वीजनिर्मिती करण्याची सोय केली आहे. हे क्षार 290 ते 565 अंशांच्या दरम्यान वापरले जातात आणि पूर्ण पट्टा वापरला तरी एक किलो क्षारात साधारण 0.4 मेगाज्यूल उष्णता मावते. मॅग्नेशियम हायड्राइडच्या एका किलोत सैद्धांतिकदृष्ट्या 2.8 मेगाज्यूल मावते. शिवाय क्षार 240 अंशांच्या खाली गोठू लागतात आणि नळ्यांत गोठलेला क्षार ही केंद्रचालकांची कायमची डोकेदुखी आहे. हायड्राइडला गोठण्याची भीती नाही. आणखी महत्त्वाचे म्हणजे क्षार 565 अंशांच्या पुढे विघटित होऊ लागतात, तर काही हायड्राइडे 700 आणि 900 अंशांनाही काम करू शकतात.

“सातपट साठवण” हा आकडा बातम्यांत आणि प्रकल्प अहवालांत याच भागाकारातून येतो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग पुढे हायड्रोजन कुठे जातो या प्रश्नात आहे.

आठवडाभर साठवून ठेवली तर उष्णता कमी होत नाही का?

रासायनिक भाग कमी होत नाही. धातू एका टाकीत, हायड्रोजन दुसऱ्या टाकीत आणि मधली झडप बंद, अशी स्थिती असेल तर दोन्ही टाक्या थंड पडल्या तरी अभिक्रियेची उष्णता शाबूत राहते. मात्र थंड पडलेला मॅग्नेशियम पुन्हा अभिक्रियेच्या तापमानाला, म्हणजे किमान 250-300 अंशांपर्यंत, तापवावा लागतो, आणि त्यासाठी साठवलेल्या उष्णतेचा साधारण दहावा हिस्सा खर्ची पडतो. म्हणून रोज भरून रोज रिकामी करायची असेल तर उष्णतारोधक आवरण यालाही लागतेच.

कोणकोणते धातू वापरता येतात?

उष्णता कोणत्या तापमानाला हवी, यावर निवड ठरते. मॅग्नेशियम 300 ते 400 अंशांसाठी सोयीचा, तुलनेने स्वस्त आणि सर्वात अभ्यासलेला आहे. जर्मनीतील म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत बोगदानोविच यांच्या गटाने मॅग्नेशियम हायड्राइडवरील उष्णता साठवणीचे प्रयोग 1990 च्या दशकात केले आणि आजची बरीच चर्चा त्याच कामाच्या पायावर उभी आहे. मॅग्नेशियमबरोबर लोह घेऊन केलेल्या हायड्राइडमध्ये हायड्रोजनचे प्रमाण 5.5 टक्क्यांवर येते, पण 500 अंशांच्या आसपासही ते अधिक काळ टिकून राहते. टायटॅनियम हायड्राइड 650 ते 750 अंशांच्या पट्ट्यात काम करते आणि हायड्रोजनच्या एका मोलमागे 140 किलोज्यूलच्या आसपास उष्णता देते. कॅल्शियम आणि लिथियम यांची हायड्राइडे त्याहून वरची, 180 किलोज्यूलच्या घरातली आहेत, पण 900 अंशांच्या आसपास वितळलेले, कशालाही चिकटून त्याला खाणारे हे पदार्थ वर्षानुवर्षे कोणत्या भांड्यात ठेवायचे, हा प्रश्न साहित्यशास्त्राला अजून पुरता सुटलेला नाही. कॅल्शियम हायड्राइडमध्ये ॲल्युमिनियम मिसळून त्याचे कामाचे तापमान खाली आणण्याचा मार्ग मला त्यातल्या त्यात आशादायक वाटतो, कारण दोन्ही घटक स्वस्त आहेत.

दिवसा सुटलेला हायड्रोजन ठेवायचा कुठे?

या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि तो सर्वात कमी वेळा विचारला जातो.

मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे हायड्रोजन साध्या दाबटाकीत ठेवणे. एक किलो हायड्रोजन सामान्य तापमानाला आणि दाबाला साधारण 12 घनमीटर जागा व्यापतो, त्यामुळे तो दाबून ठेवावा लागतो, आणि दाबण्यासाठी कॉम्प्रेसर, म्हणजेच वीज आणि देखभाल लागते. दुसरा मार्ग म्हणजे हायड्रोजन दुसऱ्या, कमी तापमानाच्या हायड्राइडमध्ये शोषून ठेवणे. लँथेनम आणि निकेल यांचा मिश्रधातू यासाठी प्रसिद्ध आहे. त्याचा हा गुण 1960 च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत लक्षात आला. टायटॅनियम-लोह मिश्रधातू स्वस्त पडतो, पण पहिल्या वेळी हायड्रोजन घेण्यास तो फार कुरकुरतो. या जोडीत दिवसा तप्त मॅग्नेशियमकडून सुटलेला हायड्रोजन स्वतःच्या दाबाने थंड मिश्रधातूकडे जातो आणि रात्री उलटा परततो. मधे कॉम्प्रेसर लागत नाही, फिरणारा भाग एकही नसतो, आणि दाब दहा-वीस बारच्या पुढे जाण्याची गरज पडत नाही.

आता किंमत मोजावी लागते ती वजनाच्या रूपाने. लँथेनम-निकेल मिश्रधातू स्वतःच्या वजनाच्या जेमतेम 1.4 टक्के हायड्रोजन घेतो, आणि त्यातलाही सगळा रोज वापरता येत नाही. त्याचा हिशेब पुढच्या उत्तरात मांडला आहे.

समजा 10 युनिट उष्णता साठवायची आहे. किती सामान लागेल?

दहा युनिट म्हणजे 36 मेगाज्यूल. मोलमागे 75 किलोज्यूल धरले तर 480 मोल, म्हणजे एक किलोला किंचित कमी हायड्रोजन हलवावा लागतो. त्यासाठी मॅग्नेशियम हायड्राइड साधारण साडेबारा किलो पुरते. एवढ्यावर थांबले तर चित्र फार देखणे आहे, कारण त्याच कामाला वितळलेले क्षार 87 किलोच्या आसपास लागले असते.

पण तो किलोभर हायड्रोजन दुसऱ्या बाजूला लँथेनम-निकेलमध्ये ठेवायचा, आणि रोज वापरता येणारी क्षमता 1.2 टक्के धरायची, तर त्या मिश्रधातूचे 80 किलो लागतात. दोन्ही मिळून 92-93 किलो होतात. म्हणजे वजनात सातपट वाटणारा फायदा जोडीदारासकट मोजला की पूर्ण नाहीसा होतो. जागेचा थोडा फायदा उरतो, कारण मिश्रधातू जड असला तरी आटोपशीर असतो. खिशाचा मात्र तोटाच होतो, कारण 80 किलोंतला मोठा भाग निकेल आहे.

शिवाय कमी तापमानाच्या बाजूलाही उष्णतेची देवघेव होते. तेथे मोलमागे सुमारे 30 किलोज्यूल धरले तर दिवसा 4 युनिट उष्णता 40 अंशांच्या आसपास बाहेर फेकावी लागते आणि रात्री तेवढीच तिला परत द्यावी लागते. प्रकल्प अहवालात ही चार युनिटे दाखवलेली नसतील तर तो अहवाल परत पाठवावा.

याच हिशेबातून वरच्या तापमानाच्या हायड्राइडांचे आकर्षण कळते. कॅल्शियम हायड्राइड मोलमागे 180 किलोज्यूल देत असल्याने तेवढ्याच दहा युनिटांना 0.4 किलो हायड्रोजन पुरतो, आणि जोडीदार मिश्रधातू 80 ऐवजी 33-34 किलोंवर येतो. तेव्हा हायड्राइड निवडताना किलोमागे किती उष्णता यापेक्षा हायड्रोजनच्या मोलमागे किती उष्णता हा आकडा आधी पाहावा, असे माझे मत आहे.

नाशिकच्या हवामानाने काही फरक पडतो का?

पडतो, आणि अनेकांना वाटतो त्याच्या उलट्या ठिकाणी पडतो. तीव्र उन्हाळ्याची चिंता केली जाते, पण अडचण थंडीची आहे.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा 40 अंशांना टेकतो, तेव्हा लँथेनम-निकेल हायड्राइडचा समतोल दाब 3 बारच्या आसपास असतो. मॅग्नेशियम 400 अंशांना तापवला असेल तर तो 18 बारच्या आसपास दाब निर्माण करतो, त्यामुळे हायड्रोजन सहज थंड बाजूला जातो. मिश्रधातूची टाकी सावलीत ठेवून तिच्यावरून पाणी फिरवले की उन्हाळा निभावतो.

जानेवारीच्या रात्री मात्र नाशिकला तापमान 10 अंशांपर्यंत आणि निफाडकडे कधी 5 अंशांच्याही खाली जाते. दहा अंशांना लँथेनम-निकेलचा समतोल दाब 1 बारच्या थोडा खाली येतो. एवढ्या क्षीण दाबाने मॅग्नेशियमकडे आलेला हायड्रोजन 275 अंशांच्या वर शोषलाच जात नाही. परिणामी ज्या यंत्रणेकडून 350 अंशांची उष्णता अपेक्षित होती, ती 270 अंशांच्या आत अडकून पडते आणि त्या तापमानाला मॅग्नेशियमची अभिक्रियाही मंदावते. द्राक्षबागायतदार थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. या मिश्रधातूलाही त्या रात्री ऊब लागते.

उपाय मात्र साधा आणि गावात उपलब्ध आहे. मिश्रधातूच्या टाकीभोवती 80 अंशांचे गरम पाणी फिरवले तर तिचा दाब 12 बारच्या आसपास चढतो, आणि त्या दाबाला मॅग्नेशियम 375 अंशांपर्यंतची उष्णता देऊ शकतो. गच्चीवरच्या साध्या सौर बंबातून मिळणारे पाणी किंवा कारखान्यातील कॉम्प्रेसर, भट्टी यांची वाया जाणारी उष्णता याला पुरते. म्हणजे 80 अंशांच्या स्वस्त उष्णतेच्या मदतीने 375 अंशांची महाग उष्णता सोडवून घेता येते. ज्या कारखान्यात वाया जाणारी कोमट उष्णता आणि तीनशेच्या वरची गरज या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली आहेत, तेथे या जोडीचा विचार करण्यात अर्थ आहे.

मग भुकटीत उष्णता घालायची आणि काढायची कशी?

येथे रसायनशास्त्र संपून यंत्रशास्त्र सुरू होते. घन मॅग्नेशियम धातू उष्णतेचा उत्तम वाहक आहे, पण हायड्राइडची सैल भुकटी फारच मंद वाहक असते. तिची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे 1 वॅटच्या खाली राहते.

प्रयोगासाठी वापरली जाणारी नळी कल्पनेत पाहावी. स्टेनलेस स्टीलची जाड नळी, तिच्या तोंडाशी भुकटी झडपेत जाऊ नये म्हणून सच्छिद्र धातूची गाळणी, आणि आत तीन ठिकाणी तापमान मोजणाऱ्या तारा : एक भिंतीलगत, एक मधोमध आणि एक दोहोंच्या दरम्यान. हायड्रोजन आत सोडताच तिन्ही तारांचे तापमान काही क्षणांत वर उसळते आणि त्या दाबाच्या समतोल तापमानाशी येऊन अडते, कारण त्याच्या पुढे अभिक्रियाच थांबते. मग भिंतीलगतची उष्णता नळीबाहेर निघू लागते, तेथील भुकटी हायड्रोजन शोषत राहते आणि आपला वाटा संपला की थंड होऊ लागते. मधली तार मात्र बराच काळ त्याच तापमानावर सपाट रेषा काढत राहते. नळी जितकी रुंद, तितकी ही सपाट रेषा लांब आणि उष्णता मिळण्याचा वेग तितका कमी. म्हणजे साठवण किती, हे पदार्थ ठरवतो, पण तासाला किती उष्णता मिळेल, हे बहुतांशी नळीचा व्यास ठरवतो.

म्हणून भुकटीत फुगवलेले ग्रॅफाइट मिसळून तिच्या चकत्या दाबल्या जातात, उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या (फिन) बसवल्या जातात किंवा तेलाच्या नळ्या आतून फिरवल्या जातात. प्रत्येक उपायाने वजन आणि खर्च वाढतो. मॅग्नेशियमचे हायड्राइड होताना त्याचे आकारमान सुमारे 30 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे नळी ठासून भरूनही चालत नाही.

अशी यंत्रणा किती वर्षे टिकेल?

रोज एक आवर्तन धरले तर वीस वर्षांत सात हजारांहून अधिक आवर्तने होतात. शुद्ध मॅग्नेशियमची भुकटी 400 अंशांच्या वर वारंवार वापरली की कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि शोषणाचा वेग घटतो. लोहमिश्रित हायड्राइड या बाबतीत सरस ठरते. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन किंवा बाष्पाचा अंश राहिला तर धातूवर ऑक्साइडचा थर चढतो आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. शिवाय 400 अंशांच्या वर हायड्रोजन स्टीलच्या भिंतीतूनही हळूहळू झिरपतो, त्यामुळे काही काळाने तो भरून काढावा लागतो.

घरातील सोलर वॉटर हीटरला हे जोडता येईल का?

नाही. आंघोळीच्या पाण्याला 60 अंश पुरतात. त्याच दहा युनिट उष्णतेसाठी 40 ते 80 अंशांच्या दरम्यान सव्वादोनशे लिटरहून थोडे कमी पाणी लागते, आणि उष्णतारोधक टाकीतील पाण्याशी किमतीत स्पर्धा करू शकेल असा दुसरा पदार्थ नाही.

कांदा निर्जलीकरण, बेदाणा, दूध प्रक्रिया, पावडर कोटिंग : यांपैकी कोणाला उपयोग होईल?

कांदा आणि बेदाण्याच्या सुकवणीला 70 अंशांच्या आतली गरम हवा लागते, दुधाच्या पाश्चरीकरणाला त्याच सुमाराचे पाणी, आणि पावडर कोटिंगच्या भट्टीला 180 ते 200 अंश. पहिल्या तिघांसाठी गरम पाणी किंवा खडकांचा थर पुरेसा आहे. पावडर कोटिंगसाठी उष्णतावाहक तेलाची टाकी किंवा तापवलेले काँक्रीट आधी तपासावे. हायड्राइडला वाव सुरू होतो तो 300 अंशांच्या वर : उच्च दाबाची वाफ, ॲल्युमिनियम ओतकामातील पूर्वतापन, उष्णोपचार भट्टीचा पहिला टप्पा अशा ठिकाणी. अंबडच्या बहुतेक लघुउद्योगांना मी आज तरी दुसऱ्या पद्धती सुचवेन.

छतावरच्या सौर पॅनेलची वीज वापरून हायड्राइड तापवता येईल का?

तापवता येईल. आरशांची यंत्रणा सूर्यामागे फिरवणे, काचा धुणे आणि जागा शोधणे यांपेक्षा पॅनेलची वीज कॉइलमध्ये घालणे सोपे आहे, आणि कॉइल 400 अंश सहज गाठते. पण अंतिम गरज विजेची असेल तर हा मार्ग धरू नये. 375 अंशांच्या उष्णतेपासून इंजिनाने पुन्हा वीज करताना छोट्या प्रमाणावर निम्म्याहून बरीच अधिक ऊर्जा वाया जाते, तर लिथियम बॅटरी साठवलेल्या विजेचा बहुतांश भाग परत देते. गरज उष्णतेची असेल, तरच उष्णता साठवावी.

शिर्डीच्या सौर स्वयंपाकघरात किंवा येत्या सिंहस्थाच्या अन्नछत्रांत हे बसवता येईल का?

शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयात 2009 पासून 73 शेफलर आरशांच्या साहाय्याने वाफ तयार करून स्वयंपाक केला जातो. तेथे ऊन असेल तेव्हाच वाफ वापरून टाकण्याची रचना सोयीची आहे, कारण भात-डाळीला शंभर अंशांच्या थोडी वरची वाफ पुरते. साठवण हवी असेल तर अबू रोडच्या ‘इंडिया वन’ प्रकल्पाचे उदाहरण पाहावे. तेथे 60 चौरस मीटरच्या 770 आरशांच्या केंद्रस्थानी बिडाचे मोठे गोळे तापवून ठेवले जातात आणि रात्री त्यांतून वाफ घेतली जाते. बीड जड असते, पण ते गळत नाही, पेट घेत नाही आणि स्थानिक फाउंड्रीत ओतता येते. सिंहस्थाच्या गर्दीत, साधुग्रामाच्या तंबूंशेजारी, हायड्रोजनच्या टाक्या ठेवण्याचा विचार कोणी मांडलाच तर त्याला स्पष्ट नकार द्यावा.

पावसाळ्यासाठी उन्हाळ्यातली उष्णता साठवता येईल का?

तत्त्वतः येईल, व्यवहारात परवडणार नाही. जून ते सप्टेंबर या काळात आरशांना लागणारे थेट ऊन नाशिकमध्ये तुटपुंजे असते, हे खरे आहे. पण रोज भरून रोज वापरलेली साठवण वर्षाला शेकडो वेळा भांडवलाच्या परतफेडीला हातभार लावते, तर हंगामी साठवण एकदाच. पावसाळ्यासाठी पर्यायी इंधन ठेवणेच शहाणपणाचे आहे.

ही यंत्रणा धोकादायक आहे का?

हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्के एवढ्या विस्तृत पट्ट्यात पेट घेतो, अगदी क्षीण ठिणगी त्याला पुरते आणि त्याची ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही. तो फार हलका असल्याने उघड्यावर चटकन वर निघून जातो. बंदिस्त शेडच्या पन्हाळी पत्र्याखाली मात्र साचतो. म्हणून यंत्रणा उघड्या शेडमध्ये, छताला सर्वात उंच ठिकाणी वायुवीजन ठेवून आणि हायड्रोजन शोधक बसवूनच उभारावी.

दुसरा धोका भुकटीचा आहे. हायड्रोजन काढून घेतलेली बारीक मॅग्नेशियम भुकटी हवेशी संपर्क येताच पेटू शकते. अशा आगीवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड मारल्यास ती भडकते, कारण तापलेला मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन सोडवतो आणि कार्बन डायऑक्साइडमध्येही जळत राहतो. कोरडी वाळू किंवा धातूंच्या आगीसाठीची खास भुकटी हाताशी असावी, आणि येथे पाणी वापरू नये अशी मराठी पाटी शेडच्या दारावर अग्निशमन दलाच्या नजरेस पडेल अशी लावावी.

परवानगी कोणाची लागते?

दाबाखालील वायूच्या टाक्या आणि सिलिंडर यांसाठी केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, 2016 चे नियम लागू होतात. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. कारखान्याच्या आराखड्यासाठी औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडेही आधीच जावे. टाकी आणून ठेवल्यावर आराखडा बदलणे महागात पडते.

भारतात यावर काम चालते का? किंमत किती?

बनारस हिंदू विद्यापीठात हायड्राइडांवर अनेक दशके संशोधन झाले असून आयआयटी मद्रास आणि आयआयटी गुवाहाटी येथे हायड्राइड टाक्यांतील उष्णतावहनावर काम झाले आहे. परदेशात ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठाचा गट उच्च तापमानाच्या हायड्राइडांसाठी ओळखला जातो. केंद्राच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, पण त्याचा रोख हायड्रोजनच्या उत्पादनावर आणि वापरावर आहे.

किमतीबाबत अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने सौर औष्णिक साठवणीसाठी औष्णिक युनिटमागे 15 डॉलरचे लक्ष्य ठेवले होते. लँथेनम-निकेलची जोडी या लक्ष्याच्या जवळपासही येत नाही, कारण एका युनिटमागे 8 किलो मिश्रधातू लागतो, हे वरच्या हिशेबातून कोणालाही काढता येईल. नाशिकच्या कारखानदाराने पुरवठादाराला फोन करून मागवावी अशी तयार वस्तू ही आज नाही.

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षासाठी यावर प्रकल्प करता येईल का?

येईल, पण महाविद्यालयात मॅग्नेशियम हायड्राइड आणि हायड्रोजन हाताळण्याचा हट्ट धरू नये. वर सांगितलेल्या नळीतील उष्णतावहन निष्क्रिय पदार्थावरही अभ्यासता येते : बारीक वाळूत किंवा ॲल्युमिना भुकटीत वेगवेगळ्या प्रमाणात फुगवलेले ग्रॅफाइट मिसळावे, मधोमध छोटी कॉइल आणि तीन ठिकाणी तापमापक तारा बसवाव्यात, आणि ग्रॅफाइटच्या प्रमाणाने वाहकता किती वाढते ते मोजावे. दुसऱ्या गटाने मॅग्नेशियम आणि लँथेनम-निकेल यांच्या समतोल दाबाचे आलेख संगणकावर काढून नाशिकच्या बारा महिन्यांच्या किमान-कमाल तापमानांवर बसवावेत, आणि कोणत्या महिन्यात मिश्रधातूच्या टाकीला किती गरम पाणी द्यावे लागेल याचा तक्ता करावा. थंड बाजूसाठी टायटॅनियम-लोह घेतल्यास हाच तक्ता कसा बदलतो, हेही पाहावे.